काचेवरची टिचकी

माझी मुलगी सई म्हणते, "आई, तू फोनवर बोलतेस तेव्हा फोनची गरजच नसते. वाकडपर्यंत तसंच ऐकू येतं."

वाकड काही लांब नाही. पिंपळे सौदागरमधल्या माझ्या घरापासून तिच्या बाविसाव्या मजल्यापर्यंत मध्ये फक्त सिग्नल आहेत. पण तिला यायला सवड नसते आणि मला बोलावल्याशिवाय जायला नको वाटतं, त्यामुळे आम्ही फोनवरच भेटतो. मी ओरडते, ती फोन कानापासून लांब धरते. आमच्या सोसायटीतही माझ्या आवाजाची ख्याती आहे. लिफ्टमध्ये मी नुसतं "कशा आहात?" विचारलं, तरी समोरची बाई काही चुकलंय का म्हणून स्वतःकडे बघते.

दोष माझा नाही, इंजिनाचा आहे.

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांचे लोखंडी भाग ठोकून बनवतात. माझे यजमान नंदकिशोर तिथे स्टोअरमध्ये होते. ते गेल्यावर कंपनीने मला नोकरी दिली. स्टोअरमध्ये जागा नव्हती. पॉवर हाऊसमध्ये होती, कारण तिथे कोणालाच जायचं नसायचं. ते दिवस लोडशेडिंगचे. गुरुवार उजाडला की सगळ्या पट्ट्यात लाईट गुल, आणि बाकीच्या दिवशीही वीज बोर्डाची मर्जी. मग गॅसची पाइपलाइन आली आणि मालकांनी गॅसवर वीज तयार करणारं इंजिन आणलं. पीएमटीच्या बसएवढं धूड. डिझेलपेक्षा स्वस्त पडायचं, धूर नाही, काजळी नाही. नळाला पाणी यावं तसा पिवळ्या पाइपातून गॅस यायचा, इंजिन तो प्यायचं आणि अख्खी कंपनी उजळायची. फक्त आवाज असा, की छातीतले ठोकेसुद्धा आपले न वाटता त्याचे वाटावेत.

त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. कानांवर आवाज अडवणारे मफ, आणि बोलायला हात. हातांची ही बोली मला शिकवली युसुफभाई मुलाणींनी. ते मूळचे कासारवाडीचे, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, दारात उभे राहिले तर उजेड अडेल असा देह. बशी ओठाला लावल्यासारखा पंजा केला की चहा. कॉलर ओढली की साहेब येतोय. करंगळी कानाशी नेली की घरून फोन. तळहात आडवा धरून हवेतून सरळ फिरवला, चादरीची सुरकुती काढावी तसा, की सगळं नॉर्मल.

आणि एक टिचकी.

इंजिनाच्या थरथरीने मीटरचे काटे अडकायचे. प्रेशर उतरलेलं असायचं आणि काटा आपला जुन्याच आकड्यावर ऐटीत उभा. अशा वेळी काचेवर बोटाने टकटक करायची, की काटा हलून खऱ्या जागी यायचा. म्हणून लांबून हवेतच दोनदा टिचकी मारली, की अर्थ व्हायचा : खोटं दाखवतंय.

ही खूण मीटरपुरती राहिली नाही. साहेब म्हणाले, दिवाळीला पगारवाढ नक्की, तर त्यांच्या पाठीमागे युसुफभाईंचं बोट दोनदा हललं. सईच्या लग्नानंतर मी कामावर आले आणि तळहात फिरवून सांगितलं, सगळं नॉर्मल, एकटीला काय होतंय. लगेच टिचकी. मी मीटर पुसायचं निमित्त करून पाठ फिरवली. आणि कोरोनात त्यांची बायको नूरबी दवाखान्यात होती, तेव्हा युसुफभाई स्वतः आजारातून उठून आले होते. विचारलं तर त्यांनीही तळहातच फिरवला. टिचकी मी मारली. एवढा मोठा माणूस तेलाच्या ड्रमवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. नूरबी वाचली नाही. युसुफभाईंना आजाराने सोडलं, पण नाकातला वास कायमचा घेऊन गेला.

आम्ही बोललो असतो तर यातलं काहीच बोललो नसतो.

मग कुठल्या तरी लांबच्या देशात युद्ध पेटलं आणि चाकणमधलं आमचं इंजिन बंद पडलं. आपल्या पाइपातला बराचसा गॅस परदेशातून जहाजाने येतो, गोठवून पातळ केलेला, हे मला तेव्हा कळलं. त्याचा भाव असा चढला, की त्यावर वीज करणं म्हणजे तुपात दिवाळीचा फराळ तळून गड्याला जेवायला घालणं. दरम्यान बोर्डाची लाईट सुधारली होती आणि शेडच्या छपरावर सोलरही बसलं. पॉवर हाऊसची माणसं इकडेतिकडे वाटली गेली. राहिलो आम्ही दोघं, इंजिन गंजू नये म्हणून त्याला अधूनमधून तेल पाजून फिरवायला.

आणि सगळीकडे शांतता झाली.

इतकी वर्षं शेजारी काम करून आम्हाला एकमेकांचा आवाज नीट ठाऊक नव्हता. युसुफभाईंचा तर देहाच्या मानाने फारच बारीक निघाला, जणू चुकून दुसऱ्या कोणाचा मिळालाय.

"गरम हाय आज," ते म्हणायचे.

"हो ना."

"पंखा लावू?"

"लावा की."

"कालच्यापरीस जास्तच हाय."

"हो ना!"

"वरडू नका ताई. हितंच हाय मी."

झालं. दुपारपर्यंतचं बोलणं संपलं. हात हलवावेत तर शांततेत ते नाटक वाटायचं. समोरचा माणूस ऐकू शकतोय आणि आपण बशी दाखवतोय! मग आम्ही खुर्च्या थोड्या लांब घेतल्या आणि आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागलो, घरी बघतो तसं.

दसऱ्याच्या जरा आधी केयूर आला. केयूर आमचा नवा साहेब, सईपेक्षा लहान, स्वभावाने गरीब. वाईट बातमी सांगायची असली की आधी पाणी प्यायचा. त्या दिवशी अर्धी बाटली प्याला.

"इंजिनला गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. "आसामचे हजारिका म्हणून आहेत, चहाच्या मळ्याचे. तिकडे जमिनीतूनच गॅस निघतो, स्वस्त पडतो. आणि लाईट रोज जाते. म्हणजे त्यांना अगदी हेच हवंय. पूर्ण लोडवर चालवून दाखवायचं. पसंत पडलं तर अख्खं उचलणार."

"आणि न्हाई पडलं तर?" युसुफभाईंनी विचारलं.

"तर भंगार. कटरवाले तयार आहेत." त्याने उरलेलं पाणी संपवलं. "युसुफभाई, हजारिकांना इंजिनाबरोबर माणूसही हवाय. तुमचं रिटायरमेंट आलंच आहे. दोन-तीन वर्षं तिकडे जाल?"

युसुफभाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि ताई, तुम्हाला गेटपास ऑफिस. एसी आहे. एकदम शांत."

तो गेल्यावर मी आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं, "जाणार?"

"इंजन चाललं तर जाईन म्हणतो."

"आणि नाही चाललं तर?"

"तर एहसानच्या गॅरेजभाईर खुर्ची टाकायची. पोरगा चांगला हाय, सून चांगली हाय. चहा येळेवर येतो. कोन काय ईचारत न्हाई, बस."

"आसाम लांब आहे."

"व्हय. लांबच हाय."

एवढंच. पण माझ्या डोक्यात त्या क्षणापासून ती गॅरेजबाहेरची खुर्ची बसली. कासारवाडी मला जवळ. नाशिक फाट्याचा पूल ओलांडला की आलीच. भाजी आणायला म्हणून त्या बाजूने जाता येईल. थांबून विचारता येईल, गरम आहे ना आज? ते म्हणतील, व्हय. गॅरेजमध्ये ठोकाठोक चालू असली तर कदाचित बशीही दाखवतील. मला आणखी काही नको होतं. म्हणजे, इंजिन चालायला नको होतं. माणसाच्या मनाला मीटर नसतं ते एक बरं आहे.

हजारिका आले त्या दिवशी युसुफभाई माझ्याआधी येऊन कामाला लागले होते. आमच्याकडे खंडेनवमीला मशिनं धुऊनपुसून, रंग देऊन पुजतात. इंजिनाच्या खोलीत मात्र गॅसमुळे उदबत्ती नाही की निरांजन नाही, म्हणून आरतीच्या ताटात बॅटरी पेटवून ठेवायची आमची पद्धत. हिरवा रंग इंजिनाला त्या पूजेसाठी आदल्या आठवड्यातच देऊन झाला होता. पण पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर पोरीच्या तोंडाला ऐनवेळी पुन्हा पावडर लावतात, तसा त्यांनी सकाळी शिडीवर चढून वरच्या गॅसच्या पाइपाला पिवळा हात मारला होता. नखांत रंग तसाच होता.

हजारिका सडपातळ, मृदू बोलणारे गृहस्थ. हात जोडून त्यांनी इंजिनाभोवती फेरी मारली. मी काचेच्या केबिनमध्ये पॅनेलपाशी बसले. हवा खेळवणारे मोठे पंखे सुरू झाले, कॉम्प्रेसर सुरू झाला. युसुफभाईंनी बटण दाबलं. इंजिन खोकलं, दोन गिरक्या घेतल्या, आणि भोंगा वाजायला लागला. पॅनेलवर लाल अक्षरं : गॅसगळती. व्हॉल्व्ह आपोआप बंद.

पुन्हा केलं. पुन्हा भोंगा.

केयूरचा चेहरा उतरला. युसुफभाई साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन पाइपाच्या जोडांशी धावले. कुठे फुगा येत नव्हता. हजारिका दोन पावलं मागे सरले आणि केयूरच्या कानाशी हिंदीत काही बोलले. केयूरने मान खाली घातली तेव्हा मी केबिनमधून बाहेर आले.

आणि मला थिनरचा वास आला.

वर बघितलं. शिडी तशीच भिंतीला टेकलेली. तिच्या वरच्या पायरीवर रंगाचा डबा आणि पाइपाच्या कडीला अडकवलेलं थिनरने ओलं फडकं, गॅस हुंगणाऱ्या डिटेक्टरच्या अगदी तोंडाशी. त्या बापड्या यंत्राला गॅस काय नि थिनर काय, दोन्ही सारखेच. वास आला की भोंगा. केयूर आणि हजारिका लांब दाराशी, पंख्याच्या झोतात. आणि युसुफभाई थेट फडक्याखाली उभे, पण त्यांना वास येत नव्हता.

गळती नव्हतीच. आणि हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी काही केलं नसतं तरी चाललं असतं. गप्प बसणं हा काही गुन्हा नाही, आम्हा बायकांना तर लहानपणापासून तेच चांगल्या वळणाचं म्हणून शिकवतात. मी केबिनमध्ये परत गेले असते, हजारिका विमानतळाकडे गेले असते, कटरवाले आले असते. आणि कासारवाडीला एका गॅरेजबाहेर एक खुर्ची पडली असती.

युसुफभाई गुडघ्यावर बसून एकाच जोडाला पुन्हा पुन्हा साबण लावत होते. आधी तपासलेलाच जोड. फुगा येत नाही म्हणून आनंद व्हावा की दुःख, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी वर बघितलं, भोंग्याच्या त्या गदारोळात मला शोधलं आणि साबणाने भरलेला तळहात हवेतून आडवा फिरवला. हितं सगळं नॉर्मल हाय ताई. मग का?

माझं बोट माझ्या आधी उचललं गेलं. दोनदा टिचकी. खोटं दाखवतंय.

मग मी नाकाला बोट लावलं, हात पुसल्यासारखे केले, आणि वर बघितलं.

त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. ते शिडीवर चढले, वरचा जोड तपासायला चढावं तसे, आणि डबा, फडकं कपड्यांत लपवून मागच्या दाराने बाहेर गेले. केयूरला वाटलं, पाना आणायला गेले. बाकीचं काम पंख्यांनी केलं. थोड्या वेळाने लाल अक्षरं विझली.

तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि इंजिनाने वेग धरला.

किती दिवसांनी! आधी तळपायांना कळलं, मग गुडघ्यांना, मग केबिनमधल्या पाण्याच्या ग्लासात गोल गोल लाटा उठायला लागल्या. हजारिका हसले, पण ऐकू आलं नाही. युसुफभाईंचे हात जागे झाले. तेल बघा. बघितलं. पाणी? नॉर्मल. लोड घेऊ? घ्या. त्यांनी दोन्ही तळहात हळूहळू वर उचलले आणि अख्ख्या कंपनीला वीज जायला लागली. मग त्यांनी हजारिकांच्या पाठीमागे कॉलर ओढून गाल फुगवून दाखवले : साहेब खूश. मी हसले. मोठ्याने हसले, इथे कोणाला त्रास होणार नव्हता. ते सांगत होते, मी सांगत होते. सून म्हणते गुडघे दाखवा. सई दिवाळीला येणार म्हणते. बघू, येते का. एवढ्या महिन्यांचं साठलेलं आम्ही त्या अर्ध्या तासात हातावेगळं केलं.

शेवटी त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग हात लांब, खूप लांब, पूर्वेकडच्या भिंतीपलीकडे नेला. आणि तळहात उताणा करून माझ्यापुढे धरला.

जाऊ?

मी माझा हात आडवा केला आणि हवेतून फिरवला. सावकाश, एकही सुरकुती राहणार नाही असा. सगळं नॉर्मल. जा.

आणि वाट बघितली.

युसुफभाई माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा हात वर आला, बोट पुढे झालं असं मला वाटलं. पण त्यांनी कानावरचा मफ नीट केला आणि ते मीटरकडे वळले.

इंजिन तुकडे करून ट्रेलरवर चढलं. क्रेन आली त्या दिवशी सगळे फोटो काढत होते. युसुफभाई बॅग घेऊन गेटवर आले तेव्हा मी गेटपास ऑफिसच्या काचेमागे होते. बाहेर आले.

"जपून जा."

"व्हय. तुमी पन."

"थंडी असेल तिकडे."

"सुनेनं सेटर दिलाय."

मागे ट्रेलरवाला हॉर्न वाजवत होता. त्या आवाजात काहीतरी बोलता आलं असतं. पण त्यांच्या दोन्ही हातांत सामान होतं.

गेटपास ऑफिस खरंच शांत आहे. तिथल्या दोन मुली इतक्या हळू बोलतात, की मला त्यांचं भांडण चाललंय की गप्पा, कळत नाही. माझा आवाज ट्रकवाल्यांना मात्र आवडतो. खिडकीतून मी "नाव?" विचारलं की मागच्या तिसऱ्या ट्रकचा ड्रायव्हरसुद्धा नाव सांगतो.

युसुफभाईंचा फोन यायचा. "पोचलो." "बरं झालं." "चहा लय हाय हितं." "असणारच!" "ठेवू का?" "ठेवा." मग आठवडा-आठवडा काही नाही. विचारायचं काय, हा दोघांचाही प्रश्न.

गेल्या रविवारी सई जेवायला येणार होती. भरली वांगी केली, भाकरीचं पीठ मळून ठेवलं. अकराला फोन आला, "आई, आज नाही गं जमत. तू ठीक आहेस ना?" म्हटलं, "मला काय धाड भरलीय!" तिने फोन लांब धरला असावा.

मी एकटीच जेवले. भांडी घासली. दुपारी तीनच्या सुमाराला टेबलाशी बसून चहा घेत होते, तर मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. युसुफभाईंनी असा कॉल कधी केला नव्हता. बहुतेक तिथल्या कोणा पोराने लावून दिला असणार. मी बटण दाबलं आणि माझं घर इंजिनाने भरून गेलं.

ते चालू होतं. मागे हिरवं धूड, वर पिवळा पाइप, खिडकीबाहेर चहाची झुडपं, कोणी कातरल्यासारखी सपाट. पुढे युसुफभाई, कानांवर मफ, अंगात स्वेटर. बोलण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पंजाची बशी केली आणि ओठाला लावली. मी माझा कप वर धरून दाखवला. ते हसले. इंजिनाकडे बोट केलं, दोन्ही तळहात वर उचलले : पूर्ण लोडवर हाय. मग भुवया उडवून माझ्याकडे बोट केलं. तिकडं कसं?

मी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, हात मोकळे व्हावेत म्हणून. आणि तळहात आडवा धरून हवेतून फिरवला. सगळं नॉर्मल.

ते बघत राहिले. मग त्यांचा चेहरा जवळ आला, बोट आणखी जवळ, इतकं की पडद्यावर फक्त तेच दिसायला लागलं, नखाच्या कडेला पुन्हा पिवळा रंग लागलेलं. आणि त्यांनी मोबाइलच्या काचेवरच टिचकी मारली.

दोनदा.

मी पुन्हा हात उचलला, पुन्हा तेच सांगायला. तो आडवा होईना. मग मी तो तसाच हळूहळू खाली आणला, आम्ही प्रेशर उतरलेलं दाखवायचो तसा. टेबलापर्यंत.

त्यांनी मान हलवली. एकदाच, सावकाश. कळलं. ते तिथून हलले नाहीत. इंजिन चालू होतं, त्यांना घाई नव्हती.

दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई असणार, आवाजाचं काय ते विचारायला. मी मोबाइल डब्याला आणखी नीट टेकवला, खुर्ची पुढे ओढली आणि बेल वाजू दिली.